खोली मिळते, मान मागावा लागतो
बारामती-इंदापूरच्या वाटेवरचे अनुभवाचे बोल

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या इंदापूर तालुक्यातल्या घरात मी जन्मलो. नोकरी पुण्यात. मी समलिंगी आहे आणि बरीच वर्षं माझ्या जोडीदाराबरोबर राहतो आहे. आम्हां दोघांना फिरण्याची हौस. मुंबई, गोवा, नागपूर हे सगळं झालं, पण सर्वांत जास्त फिरलो ते माझ्याच मुलखात. पुण्याहून बारामती शंभर किलोमीटरच्या आसपास, इंदापूर त्याच्या थोडं पुढे. शनिवारी सकाळी निघालं की रविवारी रात्री घरी येता येतं.

पुण्यातली आमच्यातली तरुण मुलं विचारतात, "दादा, बारामतीला रूम मिळेल का आम्हांला? भिगवणला जेवायला कुठं बसायचं? कुणी काही बोलणार नाही ना?" मुंबईबद्दल कुणी असं विचारलं तर नावं आणि पत्ते सांगता येतात. सप्तरंगी झेंडा लावलेलं हॉटेल किंवा खास आपल्यासाठीचा बार मी इकडे कधी पाहिलेला नाही. म्हणून पत्त्यांऐवजी अनुभव सांगतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: खोली मिळणं वेगळं आणि मान मिळणं वेगळं. आपल्या भागात पहिली गोष्ट सहज होते. दुसरी मागावी लागते.

१. घर सोडण्याआधी कायदा पाठ करा

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी आपल्याला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या भीतीतून सोडवलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतरच्या वर्षांत लॉजचं दार आतून लावतानाही हात थरथरायचे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानेही मिळालेला नाही.

प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे. दोन सज्ञान पुरुष किंवा दोन सज्ञान स्त्रिया एका खोलीत राहिल्या तर त्यात बेकायदा काही नाही. लग्न न झालेल्यांना खोली देऊ नये असा कायदाही नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइंबतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचं नाव घेऊन भेदभावाला मनाई केलेली आहे, आणि त्यातल्या 'लिंग' या आधारात लैंगिक कलही येतो असा विचार २०१८ च्या निकालात मांडला गेला. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा आणि सोयी त्यांना नाकारता येत नाहीत.

काउंटरवर कायद्याचं भाषण करू नका. पण "वरून ऑर्डर आहे" असं कुणी म्हटलं तर शांतपणे विचारा, "लेखी आहे का? दाखवा की." ज्याला कायदा माहीत आहे त्याचा आवाज चढत नाही, आणि समोरच्याला तो फरक कळतो.

२. दोन पुरुषांना खोली का मिळते, ते समजून घ्या

बारामतीत एमआयडीसी आहे, शिक्षणसंस्था आहेत, शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राचं मोठं प्रदर्शन जानेवारीत भरतं. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना आहे, साखर कारखाने आहेत. यंत्राच्या दुरुस्तीला आलेले इंजिनिअर, खत-बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी, मुलाच्या ॲडमिशनला आलेले बाप आणि मामा, अशी दोन-दोन पुरुषांची जोडी इथल्या लॉजवर रोजची आहे. खर्च वाचावा म्हणून ते एकच खोली घेतात. आपण त्याच रांगेत उभे राहतो आणि किल्ली मिळते.

ही सोय खरी आहे, तिचा उपयोग करा. पण तिला स्वीकार समजू नका. तिथे आपल्याला मान्यता मिळालेली नसते. आपण कोण आहोत हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, एवढंच. माझ्या दोन मैत्रिणी जोडीने इकडे आल्या तेव्हा एका काउंटरवर त्यांना "मिस्टर कुठायत? कामाला आलात का? घरी माहितीये का?" अशी प्रश्नांची सरबत्ती झाली. आमच्या एका पारलिंगी मैत्रिणीला रिकामी खोली दिसत असताना "फुल्ल आहे" म्हणून परत पाठवलं. आपल्याला मिळणारी सोय पुरुष असण्याची आहे, हे विसरलं तर आपण आपल्याच माणसांना मागे टाकून पुढे जातो. गटाने प्रवास आखताना त्यातल्या सर्वांत अडचणीत येणाऱ्या व्यक्तीचा विचार आधी करा आणि खोली तिच्या नावाने आधी पक्की करून घ्या.

३. बेड फोनवरच ठरवा, कागद स्वतःचे ठेवा

पोचल्यावर "दोन सिंगल देऊ का, की एक्स्ट्रा गादी टाकू?" हा प्रश्न हमखास येतो. मागून दोन माणसं रांगेत असताना उत्तर देणं जड जातं. म्हणून फोनवरच सांगा: "दोघं आहोत, डबल बेडची रूम हवी." एवढंच. कारण सांगत बसू नका. कारण सांगायला लागलात की समोरच्याला संशय घ्यायला जागा मिळते.

ओळखपत्र दोघांचंही खरं द्या. रजिस्टरमध्ये खोटं नाव लिहिलं तर पुढे काही झालं तर कायदा आपल्या बाजूने असूनही आपण अडकतो. आधारची पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. झेरॉक्स द्यायचीच असेल तर ती द्या. आणखी एक अडचण खास आपल्या भागातली. पत्ता त्याच तालुक्यातला असला की बरेच लॉजवाले "लोकल आयडी चालत नाही" म्हणतात. मी गावाकडचा, त्यामुळे हे मला अनेकदा ऐकावं लागलं. पुण्याचा पत्ता असलेला पारपत्राचा किंवा वाहन परवान्याचा कागद जवळ असेल तर तोच पुढे करा.

४. "पाव्हणं, गाव कुठलं?" या प्रश्नाची तयारी ठेवा

शहरात अडचण आली तर ती काउंटरवर येते. इकडे ती चहाच्या टपरीवर येते. "पाव्हणं, गाव कुठलं?" मग आडनाव. मग "म्हणजे अमक्यांचे कोण तुम्ही?" तीन प्रश्नांत जात, घराणं आणि वडिलांचं नाव निघतं, आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन गेलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. आमच्याकडे माणसाची ओळख अशीच लावतात. पण ज्याने घरी सांगितलेलं नाही, त्याला हा प्रश्न पोलिसापेक्षा भारी पडतो.

म्हणून दोघांनी मिळून आधी ठरवावं. कोण काय सांगणार? सोबतीचा आहे, मित्र आहे, की जोडीदार आहे? जे ठरेल ते दोघांनी सारखं सांगावं, आणि "मामेभाऊ" वगैरे नाती जोडू नयेत. आमच्या मुलखात मामा कोण हे लगेच विचारतात. जो या मातीतला आहे त्याचा शब्द शेवटचा माना, कारण परिणाम त्याला भोगायचे असतात. बाहेरून आलेला जोडीदार सोमवारी निघून जातो. आणि दुसऱ्या कुणाबद्दल, "तोही आपल्यातलाच", हे कधीही बोलू नका. शहरात त्या नुसत्या गप्पा वाटतात. गावात त्याने एखाद्याचं लग्न, नोकरी, कधी घरही मोडतं.

आम्ही आमच्यासाठी ठरवलं आहे. कुणी विचारलं तर मी म्हणतो, "हे माझे सोबती. पुण्याला एकत्र राहतो." ज्याला कळायचं त्याला कळतं. एकदा इंदापुरात एका म्हाताऱ्या आजींनी हे ऐकून माझ्या जोडीदाराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि "एकमेकाला जपा बाबांनो" म्हणाल्या. असेही लोक इथे आहेत, हे भीतीच्या हिशेबात धरत जा.

५. कुठं बसून जेवायचं, ते विचार करून निवडा

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला लोक माशांसाठी गाडी वळवतात. उजनी धरणाच्या पाण्यातले चिलापी, कटला, मरळ; तळलेला तुकडा, झणझणीत रस्सा आणि भाकरी. हे जेवण जोडीने जेवण्यासारखं आहे. पण हॉटेलात दोन बाजू असतात. एक फॅमिली सेक्शन, दुसरी परमिट रूम. दोन पुरुष दिसले की वेटरचा हात आपोआप परमिट रूमकडे वळतो. आम्ही दोघंही दारू घेत नाही. तरी एका ठिकाणी "इथं फक्त फॅमिली" म्हणून आम्हांला उठवलं. तेव्हापासून मी आधीच मॅनेजरला सांगतो, "आम्ही पिणार नाही, शांत बसून जेवायचंय, तिकडं द्या जागा." बहुतेक जण देतात. नाही दिली तर पैसे दुसरीकडे खर्च करतो.

परमिट रूममध्ये दोन पुरुष तासन्‌तास बसले तरी कुणी पाहत नाही, हे खरं. पण तिथली मंडळी रात्र चढेल तशी बदलतात. शेजारच्या टेबलावरची थट्टा कधी अंगावर येईल सांगता येत नाही. तिथे हातात हात घेऊ नका, आणि नऊ-साडेनऊच्या आत उठा. याचं कारण लाज नाही. आपलं माणूस सुखरूप खोलीवर नेणं ही आपली जबाबदारी आहे.

६. या मुलखातली खरी सहल दिवसाची आहे

क्लब आणि पब शोधत इकडे येऊ नका. इकडचं सुख उजेडातलं आहे. हिवाळ्यात पहाटे कुंभारगाव किंवा भिगवणच्या काठावर पोचा आणि नाव ठरवा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. नावाडी पक्षी दाखवण्यात गुंग असतो. नावेत बसलेल्या दोघांचं नातं काय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोकळ्या सकाळी मी तिथे घालवल्या आहेत. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तेही पाहण्यासारखं.

नीरा आणि भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. इंदापुरात शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी आहे. बारामती तालुक्यात मोरगावचा मयूरेश्वर आहे, सुप्याजवळ चिंकारा पाहायला मयूरेश्वर अभयारण्य आहे. देवळात जोडीने जायला कुणाची हरकत नसते. आम्ही मोरगावला दोघांच्या नावाने एकच नारळ फोडतो.

७. अनोळखी भेट असेल तर उजेडात आणि गर्दीत

डेटिंग ॲपवर बारामती-इंदापूर भागातही बरेच लोक असतात, बहुतेकांचा चेहरा झाकलेला असतो. त्यातले बरेचसे आपल्यासारखेच एकटे आणि घाबरलेले असतात. काही मात्र लुबाडायला बसलेले असतात. पहिली भेट कालव्याच्या कडेला, उसाच्या फडाजवळ किंवा कुणाच्या रिकाम्या शेडवर घेऊ नका. बसस्थानकाजवळच्या गजबजलेल्या चहाच्या हॉटेलात घ्या. कुठे चाललात ते एका विश्वासू मित्राला कळवा, लोकेशन पाठवा.

"पैसे दे, नाहीतर पोलिसांत देतो, घरी सांगतो" अशी धमकी आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपण गुन्हा केलेला नाही. धमकी देऊन पैसे काढणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, ११२ वर फोन करा. पोलिसांकडे एकट्याने जायची भीती वाटत असेल तर पुण्या-मुंबईतल्या आपल्या संस्थांची मदत घ्या. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही.

८. शहरातून चैन नको, रीत घेऊन या

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला, आणि डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या रस्त्यावरून पहिली अभिमान पदयात्रा निघाली. ही माणसं आधी उभी राहिली, म्हणून नंतर हॉटेलांची आणि पबची दारं उघडली. ती दारं आपोआप उघडलेली नाहीत.

हॉटेलवाल्यांतही एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. द ललित या हॉटेलसमूहाचे केशव सुरी २०१८ मध्ये कलम ३७७ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात स्वतः याचिकाकर्ते होते. त्यांच्या 'किट्टी सू' क्लबमध्ये ड्रॅग कलाकारांना हक्काचं व्यासपीठ मिळालं. मालक स्वतः उभा राहिला की दरवाजावरच्या रखवालदारापर्यंत निरोप जातो. पंचतारांकित हॉटेल सगळ्यांना परवडत नाही, शेतकऱ्याच्या पोराला तर नाहीच. पण मी शहरात जे पाहिलं त्यातल्या चांगल्या गोष्टींना पैसा लागत नाही. चांगल्या ठिकाणी काउंटरवरचा मुलगा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत नाही, मागितलेला बेड देतो, बिल कुणापुढे ठेवायचं ते विचारतो. रजिस्टरमधलं नाव बाहेर जात नाही. जून महिन्यात दारावर रंगीत पट्टी लावणाऱ्या, पण आत गेल्यावर हसणाऱ्या हॉटेलापेक्षा पट्टी नसलेलं पण असं वागणारं लॉज मला जास्त आपलं वाटतं.

९. न विचारता आसरा देणं आपल्याला नवं नाही

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. त्या दिवसांत गावोगाव शाळा, देवळं, ओसऱ्या वारकऱ्यांसाठी मोकळ्या होतात. आमच्या घराच्या पडवीत लहानपणापासून मी अनोळखी माणसं शेजारी शेजारी झोपलेली पाहिली आहेत. आई पिठलं-भाकरी वाढायची आणि म्हणायची, "माउली, अजून घ्या." लग्न झालंय का, कुणाबरोबर आलात, एका घोंगडीवर कोण कोण झोपलंय, हे तिने कधी विचारलं नाही. वाढताना तिला फक्त भूक दिसायची.

मोठा झाल्यावर मी आईला माझ्याबद्दल सांगितलं. तिला वेळ लागला, पण आता आम्ही दोघं गेलो की दोघांचं ताट ती वाढते. म्हणून मी कुणाला म्हणू देत नाही की हे शहरी खूळ आहे आणि आपल्या मातीत बसत नाही. आलेल्याला नातं न विचारता जेवू घालणारी ही माती आहे. वारीच्या दिवसांत जे जमतं ते वर्षभर जमू शकतं.

१०. जिथे मान मिळाला तिथे पुन्हा जा, आणि सांगून जा

बारामतीतल्या एका लॉजवर आम्ही नेहमी उतरतो. तिथला मॅनेजर आम्हांला ओळखतो आणि काहीही न विचारता तीच खोली काढून देतो. एकदा निघताना मी त्याला सांगितलं, "तुमच्याकडं आम्हांला बरं वाटतं, म्हणून येतो." तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. दोघं नीट वागता, अजून काय पाहिजे?" आपण चांगल्या वागणुकीबद्दल बोलत नाही, फक्त वाईट आठवत राहतो. मालकाला कळायला हवं की आपण आहोत, पैसे देतो, खोली नीट ठेवतो आणि पुन्हा येतो. तुम्हांला शक्य असेल तेवढंच उघड बोला, पण आभार जरूर माना.

आणि बारामती-इंदापूरच्या लॉज आणि हॉटेलच्या मालकांनो, तुम्हांलाही विनंती आहे. आम्ही तुमच्याच गावांची पोरं आहोत, तुमच्या उसाला, तुमच्या मार्केट यार्डाला आमचेही हात लागलेले आहेत. झेंडा लावा असं मी म्हणत नाही. काउंटरवरच्या मुलाला तीन गोष्टी शिकवा. ओळखपत्र बघावं, नातं विचारू नये. मागितलेला बेड द्यावा. रजिस्टरमधलं नाव गावात नेऊ नये. आणि हे दोन पुरुषांसाठी जसं, तसंच दोन स्त्रियांसाठी आणि पारलिंगी पाहुण्यासाठीही पाळा. याला एक रुपया खर्च नाही. आजपासून सुरुवात करा.